शिळे नव्हे, गोठवलेले: आजारी मित्राचा डबा

कोल्हापुरात कुणी आजारी पडले की पहिल्या आठवड्यात त्या घरी डब्यांची रांग लागते. तालमीतले मित्र, भिशीतल्या मैत्रिणी, भाऊबंद, शेजारपाजारचे सगळे येतात. कुणी अळणी आणते, कुणी मुगाची खिचडी, कुणी शहाळी. फ्रिजमध्ये जागा उरत नाही आणि निम्मे अन्न वाया जाते. तिसऱ्या आठवड्यात मात्र दारावरची थाप थांबते. माया आटलेली नसते, पण ज्याला त्याला आपापला कामधंदा असतो. आजार मात्र तिथेच मुक्काम ठोकून बसलेला असतो. केमोथेरपी बऱ्याचदा काही महिने चालते. क्षयाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असतात. डायलिसिसला आठवड्यातून बहुधा तीनदा जावे लागते आणि दर वेळी सुमारे चार तास मोडतात. या काळात रुग्णाची पत्नी, आई किंवा मुलगी दवाखाना, औषधे, नोकरी आणि स्वयंपाक यांच्यात पिळून निघते. मग रुग्णाच्या ताटात चहा-बिस्किटे येतात आणि सांभाळणारीच्या ताटात तर कधी कधी तेवढेही नसते.

मदत करायची असेल तर ती एका आठवड्यात ओतण्याऐवजी दोन-तीन महिन्यांवर पसरायला हवी. त्यासाठीचे साधन बहुतेक शहरी घरांत आहे, ते म्हणजे फ्रीजर. एका रविवारी शिजवून, छोट्या डब्यांत भरून, गोठवून दिलेले अन्न महिनाभर कामाला येते. अडथळा आहे तो एका शब्दाचा. ‘आजारी माणसाला शिळे देऊ नये’ हा घराघरांतला नियम. नियम चांगला आहे. पण शिळे कशाला म्हणायचे, याचे उत्तर आता नीट द्यायला हवे.

आजारपणातले खाणे ही केवळ मायेची बाब नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल असा दरमहा शिधा रुग्णांना आणि काही कुटुंबांत घरच्या इतरांनाही देण्यात आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी आढळला. शिधा अगदी साधा होता. फरक पडला तो तो महिनोन्‌महिने, न चुकता पोहोचल्याने. मित्राच्या डब्यालाही हेच लागू पडते.

आता शिळेपणाकडे. अन्न किती तासांपूर्वी शिजले यापेक्षा ते किती तास कोमट राहिले, हे जास्त महत्त्वाचे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा टप्पा जिवाणूंच्या वाढीचा. सकाळी शिजवून दुपारपर्यंत ओट्यावर झाकून ठेवलेला भात घड्याळाच्या हिशेबाने ‘ताजा’ असतो, पण जिवाणूंच्या हिशेबाने तो धोक्याचा असू शकतो. ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांतले काही असे विष तयार करतात की भात पुन्हा कितीही गरम केला तरी ते जात नाही. उलट शिजल्यावर लगेच थंड करून उणे १८ अंशांवर गोठवलेली आमटी तीन आठवड्यांनीही सुरक्षित असते. गोठवल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते. म्हणून अन्न कोणत्या अवस्थेत फ्रीजरमध्ये गेले, याला सगळे महत्त्व आहे.

इथेच कोल्हापूरकरांचे एक कौशल्य आड येते. रस्सा मंडळात मोठ्या पातेल्यात मटण शिजवण्यात इथल्या मित्रमंडळींचा हात कुणी धरणार नाही. मित्राला द्यायचे म्हटल्यावर तेच पातेले चुलीवर चढते आणि उरलेला रस्सा रात्रभर तसाच निवत राहतो. जेवायला बसणाऱ्या पंगतीसाठी मोठे पातेले ठीक. साठवणीसाठी ते सर्वांत वाईट भांडे. घट्ट रश्श्याच्या मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. शिजवताना वाचलेले ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ या जिवाणूचे बीजाणू नेमके अशाच, हवा न पोहोचणाऱ्या कोमट मांसाहारी रश्श्यात झपाट्याने वाढतात. धडधाकट माणसाला त्याने एक दिवस पोटात कळा आणि जुलाब होतात. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या किंवा वयाने थकलेल्या माणसाला तेच जुलाब दवाखान्यात पोहोचवू शकतात.

उपाय साधा आहे. शिजले की अन्न लगेच पसरट भांड्यांत, दोन बोटे जाडीच्या थरात काढावे. घट्ट पदार्थाच्या थराची जाडी निम्मी केली की तो निवायला लागणारा वेळ साधारण पावपट होतो. भांडे परातीतल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळले तर आणखी लवकर निवते. दोन तासांच्या आत, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरातच, ते फ्रिजमध्ये जायला हवे. ‘गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये’ म्हणून ते रात्रभर बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. वाफ गेली की छोटे डबे आत ठेवावेत, पूर्ण गार झाले की फ्रीजरमध्ये हलवावेत. प्रत्येक डबा एका माणसाच्या एका जेवणापुरता असावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरू नये. वर चिकटपट्टीवर पदार्थाचे नाव, तारीख आणि ‘मीठ कमी’, ‘तिखट नाही’ असे मराठीत ठळक लिहावे. ताप असलेल्या माणसालाही ते वाचता आले पाहिजे.

काय गोठवावे, हेही पाहायला हवे. आमटी, मुगाची किंवा मटकीची उसळ, शिजवलेला राजमा, चिकन, मटण हे पदार्थ गोठवणे चांगले सोसतात. बटाटा रवाळ होतो, दही फाटते, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर पाणी सोडते. पांढऱ्या रश्श्यातले नारळाचे दूध वितळताना फुटू शकते, त्यामुळे नुसते मटण आणि त्याचे पाणी गोठवून दूध ऐनवेळी घातलेले बरे. भात आणि भाकरी त्या घरी ताजी करू द्यावी. कुकर लावणे सोपे असते, वेळ आणि दमणूक लागते ती कालवणाला. परदेशातल्या मराठी घरांत आजारी मित्रासाठी स्लो कुकरमध्ये मंद आचेवर शिजवण्याची सोय असते. तिथे एक सावधगिरी हवी. कच्च्या राजम्यात असलेले लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, आधी खळखळ उकळून घ्यावा लागतो. घरचा प्रेशर कुकर हे काम पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर, सुमारे १२० अंशांवर, सहज करतो.

आणि डबा भरण्याआधी विचारायला हवे. मनाने मोठी असलेली भेट शरीराला जड जाऊ शकते. शहाळे हे त्याचे ठळक उदाहरण. रुग्णाला भेटायला जाताना हमखास नेली जाणारी ही वस्तू पोटॅशियमने भरलेली असते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात ते साचले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणून तेही अशा रुग्णाला परस्पर देऊ नये. हृदय कमजोर असेल तर मीठ मोजावे लागते आणि कांदा-लसूण मसाल्यात आधीच मीठ असू शकते, हे विसरून चालत नाही. केमोथेरपीने तोंड आलेल्या माणसाला तांबडा रस्सा हा छळ आहे. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवणे किंवा बंद करणे दोन्ही त्रासाचे. ‘काय आवडते?’ याच्या जोडीला ‘डॉक्टरांनी काय सांगितले आहे?’ हाही प्रश्न विचारावा.

अळणीबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. मटण हळद, मीठ, आले-लसणावर शिजवून काढलेले ते पाणी पोटाला हलके, चवीला छान आणि तापात अंगातले पाणी-मीठ भरून काढायला उपयोगी आहे. पण ‘सगळी ताकद पाण्यात उतरते’ हा समज खरा नाही. प्रथिने मुख्यतः मटणातच राहतात. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. कर्करोगासारख्या आजारात ही गरज १ ते १.५ ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. नुसत्या अळणीवर आणि भाताच्या पेजेवर हा हिशेब जमत नाही. मटण बारीक करून त्याच पाण्यात मिसळावे, खिचडीत मुगाची डाळ वाढवावी, आमटी घट्ट ठेवावी. यालाही अपवाद आहेच. डायलिसिस सुरू न झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला बऱ्याचदा प्रथिने कमी करायला सांगितले जाते आणि डायलिसिस सुरू झाल्यावर वाढवायला. म्हणून पुन्हा तेच: विचारावे.

डबा पोहोचल्यावरचे नियम त्या घरातल्यांना सांगून ठेवावेत. वितळवायचा डबा आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवावा, ओट्यावर नाही. गरम करताना ढवळत खळखळ उकळी आणावी. मायक्रोवेव्हमध्ये कडा तापतात आणि मध्य गार राहतो, तेव्हा मध्येच काढून ढवळावे. एकदा गरम केलेले पुन्हा गोठवू नये. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा खऱ्या फ्रीजरइतका थंड असेलच असे नाही, तिथले डबे आठवड्याभरात संपवावेत. आणि शिजवणाऱ्याला स्वतःला जुलाब, ताप किंवा बोटावर पिकलेली जखम असेल तर त्या रविवारी डबा दुसऱ्याने करावा.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती पंचगंगेची. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या महापुराने वीज किती भरवशाची असते ते दाखवून दिले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जाऊ लागले की पूरपट्ट्यातल्या घरात महिन्याचा साठा करू नये. दार न उघडता भरलेला मोठा फ्रीजर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. गावाहून किंवा स्थलांतरातून परतल्यावर नाणे बर्फात बुडालेले दिसले तर मधल्या काळात सगळे वितळले होते, हे कळते. असे अन्न जीव कितीही हळहळला तरी टाकून द्यावे.

‘ताजे ते ताजेच’ असे यावर कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. दोन्ही वेळा गरम, ताजे करून वाढणारे कुणी असेल तर फ्रीजरची गरजच नाही. प्रश्न आहे तो असे कुणी नसलेल्या घरांचा, किंवा असलेली एकच बाई थकून गेलेल्या घरांचा. तिथे गोठवलेल्या आमटीची तुलना गरम आमटीशी करून भागत नाही. ती करायला हवी बिस्किटाच्या पुड्याशी आणि उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांशी. या तुलनेत गोठवलेली आमटी उजवी ठरते.

यात दवाखान्यांनाही एक काम आहे. घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीसोबत मीठ, पाणी, प्रथिने, फळे यांचे प्रमाण सांगणारा एका पानाचा मराठी कागद दिला, तर तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागेल आणि डबा आणणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल. मित्रांकडे तर माणसे, पातेली आणि हौस सगळेच आहे. आठ-दहा जणांनी रविवार वाटून घ्यावेत, एकाने यादी ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकदम धावू नये. सर्वांत मोलाचा डबा तो, जो दीड महिन्याने, भेटायला येणारे थांबल्यावर, एका थकल्या संध्याकाळी फ्रीजरमध्ये सापडतो.