बोटीवरचे आजोबा

दिवाळीत इस्लामपूरच्या घराचा माळा रिकामा करायला काढला होता. भंगारवाला दारात उभा, आणि भाऊ एक पत्र्याची ट्रंक त्याच्या काट्यावर ठेवणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांब, उघडून तरी बघू. आत एक लोकरीचा कोट, दाढीचं सामान आणि पासपोर्टसारखं दिसणारं एक जाडसर पुस्तक. पहिल्याच पानावर आमच्या धाकट्या आजोबांचा फोटो.

धाकटे आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे पाठचे भाऊ. ते मर्चंट नेव्हीत होते. म्हणजे आता आपण तसं म्हणतो. तेव्हा घरात म्हणायचे, "बोटीवर भांडी घासतो." त्यांच्याबद्दल मी लहानपणापासून दोनच वाक्यं ऐकली आहेत. एक, "बोटीवर गेला आणि बोटीचाच झाला." दुसरं, "आईच्या मातीलाही आला नाही." दुसऱ्या वाक्यानंतर कुणीतरी विषय बदलायचं.

ते पुस्तक म्हणजे त्यांची सी.डी.सी. जहाजावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सरकारी शिपिंग ऑफिसातून हे पुस्तक मिळतं. जहाजाचं नाव, कुठल्या बंदरात कोणत्या तारखेला चढला, कुठे कधी उतरला, काम काय, वर्तणूक कशी, अशी ओळीमागून ओळ. यांच्या नावापुढे काम लिहिलंय भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. वर्तणूक प्रत्येक ओळीत 'व्हेरी गुड'. पत्ता मात्र गंमतीचा: मु. इस्लामपूर, ता. वाळवा, जि. दक्षिण सातारा. पुस्तक १९५६ सालचं आहे. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, त्या मधल्या अकरा वर्षांतला हा पत्ता. २०२५ मध्ये राज्य सरकारने इस्लामपूरचं नावही ईश्वरपूर करायचं जाहीर केलं. (मी जुन्या सवयीने इस्लामपूरच म्हणते, चालवून घ्या.) म्हणून पहिली सूचना: जुनी कागदपत्रं शोधताना गावाची आणि जिल्ह्याची जुनी नावं हाताशी ठेवा. 'सांगली' शोधत बसलात तर हे आजोबा सापडणारच नाहीत.

आपल्याकडे घराण्याचा इतिहास काढायचा म्हटला की काय करतात? हेळव्याकडून पिढ्या उतरवून घेतात, त्र्यंबकेश्वरला किंवा काशीला उपाध्यायांच्या वह्या बघतात आणि कुणी सरदार, वतनदार, गेलाबाजार पाटील निघतोय का ते शोधतात. भंडारी कुणालाच नको असतो. हेळव्याच्या वहीत धाकटे आजोबाही असतील, पण नुसतं नाव, वडिलांच्या नावाखाली. लग्न नाही, त्यामुळे पुढे रेघ संपली. दहा-बारा जहाजांवर शेकडो माणसांना जेवू घातलेल्या माणसाची एवढीच नोंद.

बाहेरही फार वेगळं नाही. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये युद्धस्मारक आहे. समुद्रातच राहिलेल्या, कबर नसलेल्या खलाशांचं. पहिल्या महायुद्धातली दोन हजारांहून जास्त नावं तिथे आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांच्या आसपास माणसांची नोंद आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. इंजिनाशी आगवाले, डेकवर सारंग आणि तांडेल, स्वयंपाकाला भंडारी. त्यांतले रत्नागिरीकडचे किती तरी. १९१५ सालच्या ब्रिटिश जहाजांच्या याद्या आज इंटरनेटवर फुकट बघता येतात, पण आपल्या माणसांची नावं साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. मला वाईट याचं वाटतं, की जो बुडाला त्याचं नाव निदान धातूवर कोरलं गेलं. जो जिवंत परत आला, त्याचं आयुष्य अशा एखाद्या ट्रंकेत, आणि ती भंगारवाल्याच्या काट्यावर.

असो. मुद्द्यावर येते.

पणजी गेली १९६८ च्या शिमग्यात. साल पक्कं आहे, कारण ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, आणि त्यानंतर पणजी घरात झोपायलाच घाबरायची, ती तीन महिन्यांत गेली, असं सगळेच सांगतात. मी सी.डी.सी.त ते साल काढलं. ऑक्टोबर १९६७, मुंबईत चढले. ऑगस्ट १९६८, मुंबईत उतरले. परदेशचा प्रवास. १९६७ च्या जूनपासून सुएझ कालवा बंद होता, तो १९७५ पर्यंत उघडला नाही. युरोपची जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायची. तार मिळाली असेलच तरी माणूस भर समुद्रातून इस्लामपूरला येणार कसा?

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पन्नास वर्षांचा आळ एका ओळीने पुसला गेला. सगळ्यांना फोन करून सांगणार होते. मग पुढची ओळ बघितली. पुढच्या जहाजावर चढले जानेवारी १९६९. म्हणजे मधे चार महिने मुंबईतच. तेव्हा का नाही आले?

ते पुस्तकात नव्हतं. म्हणून आत्याआजीकडे गेले. आजोबांची सगळ्यात धाकटी बहीण, आता ऐंशी ओलांडलेली. तिला पुस्तक दाखवलं, तारखा वाचून दाखवल्या. ती बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आला हुता की गं. गणपतीच्या आधी आला हुता. आईसाठी लुगडं घिऊन. थोरल्यानं दारातनंच माघारी लावला. म्हणाला, आता कुणाला नेसवतूस?"

थोरला म्हणजे माझे आजोबा. ज्यांच्या मांडीवर मी वाढले. ज्यांच्यासारखा शांत माणूस आमच्या अख्ख्या भावकीत नव्हता. "आला नाही" हे वाक्य आम्हाला शिकवलं तेही त्यांनीच.

हे लिहू की नको, असा बरेच दिवस विचार केला. काका हे वाचतील आणि रागावतील, ते मला दिसतंय. पण काका, मी आजोबांना दोष देत नाहीये. आईला एकट्याने खांदा दिलेल्या माणसाच्या तोंडून तसं निघून जातं. फक्त धाकट्या आजोबांवरचा आळ आता थांबवूया, एवढंच म्हणणं आहे.

आणि आणखी एक. कागद खोटं बोलत नाही हे खरं, पण माणूस कुठल्या तारखेला कुठे होता, एवढंच तो सांगतो. मी नुसत्या पहिल्या ओळीवर थांबले असते तर त्यांना निर्दोष ठरवलं असतं, दुसरीवर थांबले असते तर पुन्हा दोषी. दोन्ही अर्धवटच. दारात काय झालं ते सांगणारी जगात एकच व्यक्ती उरली होती, आणि तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मला कोण इचारतंय?" असं ती म्हणालीसुद्धा.

तेव्हा वंशावळ सावकाश करा, मेलेली माणसं कुठे पळून जात नाहीत. आधी घरातल्या ज्या माणसाचं नाव निघालं की विषय बदलतो, त्याचे कागद शोधा, आणि ते घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. यंदाच.

ट्रंक माझ्याकडे आहे. लुगड्याचं पुढे काय झालं, ते आत्याआजीलाही माहीत नाही.