दिवाळीत कुत्री जेवेना, दोष फटाक्यांचाच का?

11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहात ठेवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजची लागण किंवा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरले. तेव्हापासून नसबंदी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महापालिकेची गाडी येते.

तुमच्या दारात बांधलेल्या मादीचे काय? 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. माझ्या मते या नियमांतला सर्वांत कमी वाचला गेलेला भाग हाच. आणि प्रश्न पिल्लांपुरता नाही, तिच्या जिवाचा आहे.

मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. माज ओसरल्यावर, गर्भ राहो वा न राहो, सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेले असते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, तिथली प्रतिकारशक्ती मंदावते आणि योनीमार्गाने वर चढलेले जंतू आत वाढतात. गर्भाशय पुवाने भरते. याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमधील विमा नोंदींच्या अभ्यासात नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वयाच्या दहा वर्षांपर्यंत या आजाराने गाठल्याचे दिसले.

आपल्याकडे गावठी कुत्र्यांचा माज भाद्रपदाचा. घरातली मादी ऋतू इतका पाळत नाही, पण तीही भाद्रपदात माजावर आली असेल, तर धोक्याचे आठवडे नेमके दिवाळीच्या आसपास येतात. ती कोपऱ्यात पडून राहते, जेवत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘फटाक्यांना घाबरली.’ फटाक्यांना घाबरलेली कुत्री भांडेभर पाणी पुन्हा पुन्हा पीत नाही. जास्त तहान, जास्त लघवी, उलट्या, फुगलेले पोट, शेपटीखाली दुर्गंधी स्राव यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्राव नसेल तर निर्धास्त राहू नका. गर्भाशयाचे तोंड बंद असले की पू आतच साचतो आणि तो प्रकार अधिक घातक. राधानगरी, गडहिंग्लजकडे जवळपास सोनोग्राफी नसेल तर कोल्हापूर शहरात आणा. नुसत्या प्रतिजैविकांवर दिवस काढू नका. खात्रीचा उपचार म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढणे.

हीच शस्त्रक्रिया मादी निरोगी असताना केली तर धोका कितीतरी कमी असतो. ‘एक वेत होऊ द्या, मग करू’ या सल्ल्याला वैद्यकीय आधार नाही. माज थांबवणारी इंजेक्शने स्वस्त वाटतात, पण तीच पायोमेट्राचा धोका वाढवतात. नसबंदीचे तोटेही आहेत: वजन वाढते, काही माद्यांना पुढे लघवी रोखता येत नाही. मोठ्या जातींमध्ये फार लवकर केल्यास सांध्यांचा त्रास होऊ शकतो, म्हणून वय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तोवर कालनिर्णयावर माजाची तारीख लिहून ठेवा. दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा तीच विचारतो, आणि बहुतेकांना ती आठवत नाही.