वरचे पाच पैसे

लाल रंगाचे, पाच पैशांचे तिकीट. नाशिकरोडच्या छापखान्यातले. त्यावर कुटुंब नियोजनाचे चित्र आणि त्या चित्रावर काळ्या शाईत मारलेला रबरी शिक्का : 'रेफ्युजी रिलीफ'. माझ्या संग्रहातल्या पाकिटावर हा शिक्का तिरका बसला आहे. शेवटची दोन अक्षरे तिकीट सोडून पाकिटावर उतरली आहेत. मारणाऱ्याला घाई होती, हे उघड दिसते.

घाई होतीच. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसे जीव मुठीत धरून आपल्याकडे आली होती. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून देशातल्या टपालावर पाच पैसे जादा आकारायचे ठरले. निर्वासितांचे चित्र असलेले खास तिकीट १ डिसेंबरला निघाले. तोवर थांबायला सरकार तयार नव्हते. जुन्याच तिकिटांवर नवे शब्द छापून घेतले, पण तीही सगळीकडे वेळेत पोचण्यासारखी नव्हती. तेव्हा ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांना मुभा मिळाली : हाताशी आहेत ती तिकिटे घ्या आणि आपापला शिक्का करून मारा. त्यांनी मारले. म्हणून या शिक्क्यांचे वळण गावागणिक वेगळे आहे. छोटे कुटुंब ठेवा म्हणून सांगणाऱ्या चित्रावर एक कोटी परक्यांचा भार आला. तसे कोणी योजले नव्हते. पाच पैशांचे तेच तिकीट चालू होते, एवढेच.

पाच पैसे म्हणजे किती, तेही पाहावे. इनलँड पत्र तेव्हा पंधरा पैशांना जात असे. ते वीस पैशांना जाऊ लागले. थेट एक तृतीयांश वाढ. पोस्टकार्डाला मात्र हात लावला नाही. ज्याला दहा पैशांच्या कार्डावरच सगळे सांगावे लागते, त्याच्याकडून काही घेतले नाही. बाकी बहुतेकांना द्यावे लागले. सांगलीच्या माणसाने सोलापूरच्या मेहुण्याला लग्नाची तारीख कळवली, तरी त्या पत्रावर बोनगावच्या निर्वासित छावणीतल्या कोणाचा तरी वाटा होता. तो वाटा लपलेला नव्हता. तिकीट हातात घ्यावे लागे, पाठीला पाणी लावून चिकटवावे लागे, त्यावरचे शब्द डोळ्यांसमोरून जात.

आता माझ्या संग्रहाच्या वहीचे शेवटचे पान. २०११पासून टपाल खाते 'माय स्टॅम्प' देते. आपला फोटो द्यायचा, तिकिटावर आपला चेहरा येतो. पाच रुपयांच्या बारा तिकिटांचे पान तीनशे रुपयांना. म्हणजे एका तिकिटामागे वरचे वीस रुपये. हौस करण्यात गैर काही नाही. नातवाच्या बारशाला असे पान करून घेणाऱ्या आजोबांचा आनंद खराच असतो. पण ही दोन तिकिटे शेजारी ठेवली की नजर हटत नाही. एकावर परक्याच्या दुःखासाठी वरचे पाच पैसे, दुसऱ्यावर स्वतःच्या चेहऱ्यासाठी वरचे वीस रुपये.

यावर लोक म्हणतात, मदत आजही होते. होते, यात शंका नाही. पूर आला की गावोगावहून धान्याचे टेम्पो निघतात, फोनवरून पैसे जातात. पण ज्याचे मन हलते तो देतो. ज्याचे हलत नाही, त्याला कोणी विचारत नाही. त्या लाल तिकिटाने मन हलण्याची वाट पाहिली नाही. परक्याचे देणे हे रोजच्या व्यवहाराचे देणे आहे, असे त्याने प्रत्येक पाकिटावर लिहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बहुतेक निर्वासित १९७२ सालच्या सुरुवातीच्या महिन्यांतच परतले होते. हा आकार ३१ मार्च १९७३पर्यंत चालू राहिला. कर लावणारा हात लवकर मागे येत नाही, हे इथेही दिसले. तो दोष मान्य करावा लागेल. पण त्यावर उपाय मुदत घालण्याचा आहे. देणेच विसरण्याचा नाही.

पत्रे आटली, हे खरे. पण पार्सले जातात, स्पीड पोस्ट जाते, पावत्या रोज फाटतात. पुढचा मोठा पूर किंवा भूकंप येईल, तेव्हा टपाल खात्याने प्रत्येक पार्सलावर वरचे पाच रुपये घ्यावेत. कोणासाठी घेतले ते ठळक अक्षरांत लिहावे, कधी थांबणार तेही लिहावे. पोस्टकार्ड वगळावे. तिकीट छापायला वेळ लागणार असेल, तर रबरी शिक्का मारावा. तो तिरका बसला तरी चालेल.