धाराशिवच्या बायकांचं देणं

कोविडच्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआरची यंत्रं पोचली, तसं आमच्या प्रयोगशाळेतही एक आलं. तेव्हा आम्ही तिन्ही पाळ्यांत त्याच्यापुढे उभे असायचो. आता आठवड्यातला एखादा दिवस ते चालतं, एरवी कव्हर घालून ठेवलेलं असतं. मी तंत्रज्ञ आहे, धोरणं ठरवणं माझ्या अखत्यारीत नाही. पण या यंत्रांना काय काम द्यावं याबद्दल माझं मत पक्कं आहे: तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची एचपीव्ही डीएनए चाचणी. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याचा शोध.

तांत्रिकदृष्ट्या हे काम कोविडपेक्षा सोपं आहे. कोरोनाचा विषाणू आरएनएचा. पीसीआर आरएनएच्या प्रती काढू शकत नाही, म्हणून आधी एक एन्झाइम घालून त्याचा डीएनए करून घ्यावा लागायचा. आरटी-पीसीआरमधलं 'आरटी' ते हेच. शिवाय आरएनए भारी नाजूक. बर्फ वितळला, नमुना उशिरा आला, की आमचा जीव टांगणीला. एचपीव्ही मुळातच डीएनएचा विषाणू, जेमतेम आठ हजार अक्षरांचा. कोरडा स्वॅब काही दिवस बिनबर्फाचा राहिला तरी चालतो.

या विषाणूची गोष्टच डीएनएची आहे. तो प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नव्हता, त्यामुळे त्याला पकडायचा मार्ग एकच: गाठीच्या पेशींत त्याचा डीएनए हुडकणं. जर्मनीचे हाराल्ड झुर हाउझेन वर्षानुवर्षं तेच करत बसले. तेव्हा बहुतेकांचा संशय नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूवर होता. 1983 मध्ये त्यांच्या गटाला एचपीव्ही-16 सापडला, पुढच्या वर्षी एचपीव्ही-18. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कॅन्सर झालेल्या पेशींत बहुतेकदा विषाणूचा डीएनए बाईच्या गुणसूत्रात घुसून बसलेला असतो. तिथून त्याची ई-6 आणि ई-7 ही दोन प्रथिनं बनत राहतात आणि पेशीची वाढ आवरून धरणाऱ्या पी-53 व आरबी या प्रथिनांना निकामी करतात. याला वर्षं लागतात, बहुधा दहा-पंधरा किंवा जास्तच. तेवढी वर्षं आपल्या हातात असतात, आणि आपण ती वाया घालवतो.

आता धाराशिवकडे येऊ. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. 1999 पासून तिथल्या गावांचे 52 गट पाडून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायकांवर एक अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, असं तिघांचं ते काम. काही गावांत एचपीव्ही डीएनए चाचणी, काहींत पॅप स्मिअर (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी आणि उरलेल्यांत यांपैकी काहीच नाही. चाचणी प्रत्येकीची एकदाच. आठ वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा डीएनए चाचणीच्या सुमारे 34 हजार बायकांत या कॅन्सरने 34 मृत्यू झाले होते. काहीच न मिळालेल्या सुमारे 31 हजारांत 64. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी एकाच फेरीत मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ज्यांची पॅप स्मिअर किंवा नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी 'निर्दोष' आली, त्यांच्यात पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण डीएनए चाचणी निगेटिव्ह आलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं.

2009 मध्ये हा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. काहीच न मिळालेल्या त्या गटाला चाचणी का दिली नाही, यावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती रास्तच होती. पण पुरावा जगाने घेतला. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी म्हणून डीएनए चाचणीच सुचवली, तिशीपासून, पाच ते दहा वर्षांच्या अंतराने. आणि आपल्याकडे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 30 ते 49 वयाच्या शंभर भारतीय बायकांत दोघींचीही कधी ही तपासणी झालेली नव्हती, कुठल्याच पद्धतीने. दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, 80 हजारांच्या घरात मरतात.

सरकारी कार्यक्रमात अजून भर ॲसिटिक ॲसिडवरच आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या लोकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या करून दाखवली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण चार फेऱ्या! ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असणारी बाई टेबलावर झोपायला चार वेळा येईल, हे मानायला मी तयार नाही. डीएनए चाचणीचा स्वॅब तिला स्वतःच, आडोशाला, दोन मिनिटांत घेता येतो.

एका शिबिरात आम्ही तसे स्वॅब वाटले. 'डीएनए टेस्ट' ऐकून एक मावशी उठूनच निघाल्या. "आमच्यात वाटणीचं भांडण न्हाई, मग डीएनए कशाला?" आशाताईंनी समजावलं, की तुमचा नाही, विषाणूचा बघायचाय. हे बरोबर, पण पुरतं खरं नाही. प्रत्येक नळीत आम्ही बाईचा स्वतःचा एक जनुकही तपासतो. त्याचा आलेख वर चढला नाही, तर स्वॅबवर पेशीच आलेल्या नाहीत, अहवाल निगेटिव्ह द्यायचा नाही, नमुना पुन्हा मागवायचा. त्या दिवशी दोन आलेख सपाट होते. दोघींनी लाजून स्वॅब नुसता हवेत फिरवून दिला असावा.

खर्चाचं कारण आता पूर्वीइतकं टिकत नाही. गोव्याच्या मोलबायोने ट्रूनॅट यंत्रावर चालणारी एचपीव्हीची चिप आणली आहे. क्षयरोगासाठी ही यंत्रं तालुक्यापर्यंत आधीच गेली आहेत. याच विषाणूवरची, पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक लस 2023 पासून आहे, ती मुलींना द्यावीच. पण त्यांच्या आयांना तिचा उपयोग जवळजवळ नाही.

अडचण आहे ती पॉझिटिव्ह आलेल्यांची. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू दोनेक वर्षांत आपोआप जातो, म्हणून तर विशीत ही चाचणी करू नये. पण हे त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला सांगणार कोण? विषाणू शरीरसंबंधातून येतो एवढंच घरात पोचलं, तर तिची धडगत नाही. तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, आज सापडला म्हणून काल आला असं नसतं, हे अहवालाच्या कागदावरच मराठीत छापलं पाहिजे. आणि अहवाल व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होण्यापेक्षा त्याच आठवड्यात तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलवावं, डॉक्टरांनी तपासावं, बिघडलेला भाग दिसलाच तर उष्णतेने जाळायचं हातातलं छोटं उपकरण तिथंच असावं. सुरुवात धाराशिवपासून करा. तिथं त्या अभ्यासात जिला चाचणी मिळाली नाही आणि जी तेव्हा तिशीत होती, ती आज साठीच्या आसपास आहे. सरकारी कार्यक्रमाची वयोमर्यादा 65 आहे.