चर्न, मॉडेल आणि आईची रेंज

मंडळी, टेलिकॉमच्या भाषेत गिऱ्हाईक सोडून गेलं की त्याला ‘चर्न’ म्हणतात. कोण जाणार ते मशीन लर्निंगने आधीच ओळखायचं आणि ऑफर देऊन त्याला थांबवायचं, असा हा धंदा. पुण्यात बसून मीही असली मॉडेलं केली आहेत, तेव्हा खालच्या शिव्यांत माझा वाटा आहेच.

हे शिकताना बहुतेक सगळे एकच डेटासेट घेतात, आयबीएमचा ‘टेल्को’. कॅलिफोर्नियातल्या एका काल्पनिक कंपनीची 7,043 गिऱ्हाईकं, त्यातली 1,869 सोडून गेलेली. म्हणजे डोळे मिटून ‘कोणीच जाणार नाही’ म्हटलं तरी 73 टक्के बरोबर! तरी पोरं 80 टक्क्यांचे स्क्रीनशॉट मिरवतात. बरं, रकाने कसले? करार महिन्याचा की वर्षाचा, बिल कागदी की बिनकागदी, जोडीदार आहे का, सिनेमे स्ट्रीम करता का. कॉल किती वेळा तुटला? हा रकानाच नाही. (खोटं वाटत असेल तर उघडून बघा.)

आता हेच डोकं घेऊन आमच्या मालवणात या. इथे बहुतेक सगळं प्रीपेड, करार नाही की बिल नाही. फोनमध्ये दोन सिमं. वैतागलेला माणूस कुणाला सांगून जात नाही, एका सिमचं रिचार्ज बंद करतो. मग आम्ही काय करतो, तर अमुक दिवस रिचार्ज नाही म्हणजे ‘गेला’ असं ठरवून टाकतो. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते! ट्रॉलर किनाऱ्यावर, खलाशी आपापल्या गावी, हातात पैसा नाही. तो ऑगस्टमध्ये येतोय हो परत. मॉडेल त्याला मेलेला धरून बसलंय.

माझ्या आईचंच घ्या. पावसात लाईट गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते. मग छत्री घेऊन खळ्याच्या टोकाला उभं राहून बोलायचं. साहजिकच तिचे कॉल कमी झाले, आणि मेसेज आला: खास तुमच्यासाठी जादा डेटा!

“झिला, माका ऑफर नको, रेंज व्हयी.”

गंमत म्हणजे मॉडेल चुकलं नव्हतं. ती जाणारच होती. पण ‘कोण’ एवढंच विचारलं, ‘का’ कोणी विचारलंच नाही. एकाच टॉवरखालच्या अख्ख्या वाडीचा स्कोअर एकदम चढला तर दुखणं गिऱ्हाइकांचं की टॉवरचं? टॉवर किती तास बंद होता याची नोंद असतेच की, पण ती नेटवर्कवाल्यांकडे, आणि मॉडेल मार्केटिंगवाल्यांकडे. शिवाय ऑफर स्वस्त, बॅटरी महाग.

असो. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 1900 वर मेसेज पाठवायचा, तोही त्याच सिमवरून. म्हणजे सोडून जायलाही आधी रेंज हवी! रविवारी तिसऱ्या खेपेला, खळ्याच्या टोकावरून, आईचा मेसेज गेला. कोड आलाय, चार दिवस चालतो. बुधवारी ती बाजारात जाणार आहे.