ग्रुपचा वेग शेवटच्या सायकलवाल्याने ठरवावा

आपल्या भागात सायकल परत आली आहे. मधली वीस-पंचवीस वर्षं चिखली-खामगाव रस्त्यावर सायकल दिसायची ती दूधवाल्याची, शाळेतल्या पोरांची नाहीतर शेतावर जाणाऱ्या गड्याची. आता रविवारी सकाळी त्याच रस्त्यावर गियरच्या सायकली, रंगीत टी-शर्ट आणि हेल्मेट घातलेली आठ-दहा माणसं दिसतात. त्यात मास्तर असतात, बँकेतले असतात, कृषी केंद्रवाले असतात, एखादा निवृत्त तलाठी असतो. डॉक्टर म्हणून मला याचा मनापासून आनंद आहे. "रोज चालायला जा" हे ज्यांना दहा-दहा वर्षं सांगून उपयोग झाला नाही, ती माणसं मित्रांनी हाक मारली म्हणून पाच वाजता उठतात. हे काम कोणत्याही गोळीने झालं नसतं.

पण दवाखान्यात सध्या दोन वाक्यं वारंवार ऐकू येतात. पहिलं घरच्यांचं: "डॉक्टरसाहेब, या वयात सायकल चालवून अटॅक येते म्हणतात, खरं हाय काय?" दुसरं सायकलवाल्यांचं: "सर, काल ॲव्हरेज चोवीसचा काढला!" माझ्या मते दोन्ही वाक्यं चुकीच्या जागी बोट ठेवतात. सायकल धोक्याची नाही. मागे पडलेल्याला सोडून पुढे जाणारा ग्रुप धोक्याचा आहे. ग्रुप सायकलिंग हे औषध असेल, तर त्याचा डोस सर्वांत मागच्या माणसाकडे बघून ठरला पाहिजे. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे.

आधी घाबरणाऱ्यांसाठी

२०१७ साली ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ६३ हजार लोकांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीने किंवा बसने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांमध्ये, अभ्यासाच्या काळात मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळला. मुळात तब्येतीने बरी असलेली माणसंच सायकल निवडत असतील, ही शंका अशा अभ्यासात राहतेच. तरीही फरक दुर्लक्ष करण्याएवढा छोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली की तो हिशेब पूर्ण होतो. शिवाय वजनाचा भार सीटवर जात असल्याने चालताना दुखणारे गुडघे सायकलवर बरेचदा कुरकुरत नाहीत.

मग अटॅकची भीती कुठून आली? तिला थोडा आधार आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. १९९३ साली अमेरिकेत बाराशेहून अधिक हार्ट अटॅकच्या रुग्णांचा अभ्यास झाला होता. जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात अटॅक येण्याची शक्यता एरवीपेक्षा वाढते, असं त्यात दिसलं. पण किती वाढते हे माणसागणिक वेगळं होतं. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये ती सुमारे अडीच पट वाढली. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांमध्ये शंभर पटीहून जास्त वाढली.

आकडा ऐकून दचकू नका. कोणत्याही एका तासात अटॅक येण्याची मूळ शक्यता फारच कमी असते, त्यामुळे ती शंभर पट झाली तरी लहानच राहते. पण यातला धडा मोठा आहे. धोका सायकलमध्ये नाही. आठवडाभर खुर्चीवर बसून रविवारी अचानक जीव तोडून पायडल मारण्यात तो आहे. आणि तसं पायडल माणूस एकटा असताना सहसा मारत नाही. समोर ग्रुप पळत असतो तेव्हा मारतो.

आता पळणाऱ्यांसाठी

पन्नाशीचा नवा माणूस ग्रुपमध्ये येतो. पहिले पाच किलोमीटर मजेत जातात. मग चढ लागतो, पुढचे निघून जातात. "दम लागला" म्हणायची लाज वाटते, कारण कालच कोणीतरी व्हॉट्सॲपवर "नो पेन, नो गेन" टाकलेलं असतं. तो दात-ओठ खात मागे लागतो. छातीवर दाब आला तर "ॲसिडिटी असेल", डावा हात जड झाला तर "हँडल घट्ट धरल्यामुळे", जबडा दुखला तर "गार वारा लागला". लाजेपोटी लपवलेल्या याच तक्रारी माझ्या टेबलावर उशिरा पोचतात. मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. नुसता घाम, मळमळ, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा विचित्र थकवा, एवढंच जाणवतं.

या लक्षणांवर उपाय एकच: थांबा, खाली बसा, सोबत्याला सांगा, १०८ ला फोन करा. पण सांगायला सोबती मागे असायला हवा ना! तो दोन किलोमीटर पुढे जाऊन सेल्फी काढत असेल, तर तुम्ही ग्रुपमध्ये होतात असं कशाला म्हणायचं?

लोक मला मोठ्या सायकलपटूंची उदाहरणं देतात. तीच उदाहरणं नीट बघू. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या टीममध्ये नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली हीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता, सोबत मदतीची गाडी होती, खाणं, पाणी आणि झोप यांचा हिशेब ठेवणारी माणसं होती. आपण त्यांच्याकडून टी-शर्ट घेतला, मागची गाडी विसरलो.

दुसरं उदाहरण बीआरएमचं. या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. म्हणजे चहापाणी आणि पंक्चर धरून तासाला पंधरा किलोमीटर. त्यात पहिला, दुसरा असा नंबरच नसतो. मुदतीत आलेले सगळे सारखे. दोनशे किलोमीटरवाल्यांना नंबर लागत नाही, आणि आपल्याला अमडापूरपर्यंत जाऊन यायला लागतो?

ग्रुपमध्ये माणूस पडतो कसा

बहुतेक वेळा ट्रक धडकत नाही. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला मागच्याचं पुढचं चाक घासतं. पुढच्याला फारसं कळत नाही, पण मागच्याचं हँडल वळतं आणि तो क्षणात आडवा होतो. मग त्याच्यावर त्याच्या मागचा. पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो म्हणून लोक चिकटून चालवतात. शर्यतीतले खेळाडू हे वर्षानुवर्षं शिकतात. आपण एक सायकल बसेल एवढं अंतर ठेवलं तर बिघडत काही नाही.

त्यात आपले रस्ते. ऑक्टोबरात डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्यावर ब्रेक मारला की चाक सरकलंच. कापूस निघाला की ट्रॉल्या खामगावकडे निघतात आणि पहाटेच्या अंधारात त्यांच्या मागे लाल दिवा असेलच याची खात्री नसते. राजूर घाटाच्या किंवा बोथ्याच्या उतारावर हात मोकळे सोडण्याची हौस, आणि गावाच्या वेशीवरची कुत्री. यातलं काहीच आपल्या हातात नाही. पुढच्याने हात करून "खड्डा!", "कुत्रं!" असं ओरडणं मात्र आपल्या हातात आहे.

आणि हेल्मेट. सायकलसाठी कायद्याने सक्ती नाही, म्हणून काही जण ते हँडलला लटकवतात. २०१६ साली चाळीस अभ्यासांमधल्या ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता जवळपास ७० टक्क्यांनी कमी होती. हनुवटीखालचा पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी उडून जातं, हेही लक्षात ठेवा.

पडल्यावर काय करावं

– जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, चहापत्ती, चुना, पेट्रोल काहीही भरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी विचारा.
– माणूस हातावर पडला आणि खांद्याजवळचं हाड किंवा मनगट दुखत असेल, तर चोळू नका. हात गळ्यात बांधून एक्स-रे काढा.
– डोकं आपटलं आणि नंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा झटका आला, तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्याने काही त्रास नसला तरी जायचं.
– मान दुखत असेल तर उचलून बसवू नका, १०८ ची वाट बघा.
– रस्त्यावर अनोळखी माणूस पडलेला दिसला तरी थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता बाळगू नका.

गोळ्या चालू असणाऱ्यांसाठी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये. निघताना साखर ९० च्या खाली असेल तर आधी काही खा. खिशात ग्लुकोज किंवा साखर हवीच. थरथर, घाम, भूक, गोंधळ वाटला की थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. साखर दुपारी किंवा रात्रीही उतरू शकते.

बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फार वाढत नाही. त्यामुळे घड्याळावरचा आकडा तुम्हाला फसवेल. तुमच्यासाठी बोलण्याची परीक्षा चांगली: सायकल चालवताना एक पूर्ण वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर वेग जास्त आहे.

चाळिशी ओलांडलेली असेल आणि मधुमेह, बीपी, तंबाखू किंवा घरात लवकर हृदयविकाराचा इतिहास असेल, तर सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. आणि झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे घाट चढायचा परवाना मिळाला असं समजू नका.

"मग आम्ही जोरात चालवायचीच नाही का?"

हा प्रश्न रास्त आहे. वेगात मजा असते, तरुणांनी ती जरूर घ्यावी. पण मग तसं आधीच ठरवा. वेगवाल्यांचा वेगळा ग्रुप, वेगळी वेळ, किंवा निदान वेगळी सुरुवात करा आणि चहाच्या टपरीवर सगळे भेटा. माझा आक्षेप "सगळे सोबत" असं म्हणून निघणाऱ्या आणि पहिल्या चढावर एकाला सोडून देणाऱ्या ग्रुपला आहे.

आपल्याला हे शिकवायला बाहेरच्या कोणाची गरज नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. दिंडीत ज्याची-त्याची जागा ठरलेली असते आणि थकल्या माणसाची कोणी टिंगल करत नाही. तोच शहाणपणा दोन चाकांवर आणायचा आहे. प्रत्येक ग्रुपने एवढं करावं:

१. एक अनुभवी माणूस कायम सर्वांत मागे राहील. त्याच्याकडे फोन, पंक्चरचं सामान, साखर आणि पट्टी असेल.
२. चढावर नवा माणूस पुढे, जुने त्याच्या मागे. वेग आपोआप ठरतो.
३. प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी: नाव, रक्तगट, आजार, गोळ्या, घरचा नंबर.
४. मागे लाल दिवा. मोठ्या रस्त्यावर एकामागे एक.
५. "आज नको वाटतंय" म्हणणाऱ्याला कोणी हसायचं नाही.
६. मे महिन्यात उन्हं चढायच्या आत घरी. कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं तर तो उष्माघात समजा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.
७. रविवारखेरीज आठवड्यात निदान तीन-चार दिवस अर्धा तास सायकल. हा नियम बाकी सहांपेक्षा महत्त्वाचा आहे.

ग्रुप सायकलिंगचा खरा फायदा हृदयापुरता नाही. निवृत्तीनंतर घरात गप्प बसलेला माणूस परत बोलायला लागतो. साडीच्या दुकानाशिवाय कुठे न जाणाऱ्या बाया बोथ्याच्या जंगलात सकाळ बघतात. खामगावमार्गे शेगावला जाऊन दर्शन घ्यावं आणि गरम कचोरी खावी, यातला आनंद मी कोणाच्या साखरेच्या रिपोर्टसाठी बंद करणार नाही. एकच कचोरी खा, एवढंच म्हणेन. पण हे सगळं सोबतीमुळे मिळतं. सोबत सुटली की उरतो तो फक्त आकडा.

तेव्हा तुमच्या ग्रुपमध्ये पुढच्या वेळी "ॲव्हरेज किती निघाला?" असं कोणी विचारलं, तर त्याला उलट विचारा: "सगळ्यात मागे कोण होतं, आणि त्याच्यासोबत कोण होतं?" याचं उत्तर लगेच देता येत नसेल, तर तो ग्रुप अजून ग्रुप झालेला नाही.