आधार कार्डावरची सहा वर्षांची मुलगी

मे महिन्यातल्या एका दुपारी मी एस्प्लनेडला केसी दासच्या दुकानासमोर उभा होतो. हातात रसगुल्ल्यांचा डबा. दहावीची परीक्षा संपवून लेक पहिल्यांदाच एकटी विमानानं कोलकात्याला येणार होती. फोन वाजला. "बाबा, आत सोडत नाहीयेत. आधारवरचा फोटो माझा वाटत नाही म्हणतात."

वाटणार कसा? तो फोटो ती सहा वर्षांची असतानाचा. दोन शेंड्या, पुढचा एक दात पडलेला. दारात उभी होती ती सोळा वर्षांची, चष्मेवाली, माझ्या खांद्याला लागणारी मुलगी.

पाचव्या वर्षानंतर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी आधारमधले बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्यानं द्यावे लागतात, हे मला माहीत होतं. पण दहावीचं वर्ष, क्लास, माझी बदली, ती आजीकडे राहिलेली. राहून गेलं. शाळेचं ओळखपत्र मार्चअखेर संपलेलं, अकरावीचा प्रवेश अजून व्हायचा. म्हणजे ती त्या दिवशी कुठल्याच शाळा-कॉलेजची नव्हती. बोर्डाचं हॉल तिकीट होतं, फोटोसकट, पण ते यादीत नाही. आमचं डिपेंडंट कार्डही नाही.

ही यादी नागरी विमान सुरक्षा ब्यूरोनं ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केली. दहा ओळखपत्रं. त्यातलं मतदार कार्ड अठराव्या वर्षी मिळतं. वाहन परवानाही तेव्हाच, बिनगिअरच्या छोट्या गाडीचा सोडला तर. अल्पवयीन मुलाच्या पॅन कार्डावर फोटोच नसतो. उरतं काय? पासपोर्ट, आधार आणि विद्यार्थ्याचं ओळखपत्र. आईवडिलांबरोबर असलेल्या मुलाला वेगळं ओळखपत्र लागत नाही, आणि नेमकी इथंच आपली फसगत होते. वर्षानुवर्षं मुलं आपल्या मागून आत जातात, म्हणून त्यांना काही लागतच नाही असं आपण धरून चालतो. सवलत आईवडिलांबरोबर असलेल्या मुलांना आहे. आजी, मामा, काका यांचा तिच्यात उल्लेख नाही. माजी सैनिक वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. तुमचं फोटो असलेलं पेन्शन कार्ड त्या दहांत आहे, पण सुट्टीत बरोबर नेलेल्या नातवाला ते कामाचं नाही.

दारावरच्या जवानाला मी दोष देणार नाही. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ कंदाहारला नेलं गेलं, तेव्हा मी खडकवासल्याला कॅडेट होतो. त्यानंतर दोनच महिन्यांत, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे जाऊ लागली. ही तपासणी कशासाठी आहे हे फौजीला समजावून सांगावं लागू नये. आमच्या गेटवर संत्रीनं फोटो न जुळणारं कार्ड चालवून घेतलं, तर त्याला माझ्यासमोर उभं राहावं लागतं. मग माझ्या मुलीसाठी वेगळा नियम कसा मागू?

माझी तक्रार दुसरी आहे. बाराव्या वर्षानंतर विमान कंपनी मुलाला प्रौढ प्रवासी धरते. प्रौढाची ओळखपत्रं मात्र अठराव्या वर्षी मिळतात. मधल्या सहा वर्षांत मूल सगळ्यात झपाट्यानं बदलतं, आणि त्याच सहा वर्षांत फौजींची मुलं सगळ्यात जास्त एकटी प्रवास करतात. होस्टेलवरून घरी, आजोळाहून बापाच्या नव्या पोस्टिंगला. तपासणी आहे तशीच कडक राहू द्या. पण डिपेंडंट कार्ड आणि बोर्डाचं हॉल तिकीट यादीत घ्या, आणि आधारचं पंधराव्या वर्षीचं काम नववीच्या वर्गात, शाळेतच उरकून टाका. दहावीत कुणाला वेळ नसतो, बापालाही नाही. युनिटमध्ये जवानांच्या मुलांसाठी असं शिबिर भरवणं काही अवघड नाही. आम्ही त्याहून फालतू गोष्टींसाठी शामियाने ठोकतो.

आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. दहांपैकी काहीच नसेल, तर गट अ राजपत्रित अधिकाऱ्यानं लेटरहेडवर, फोटो साक्षांकित करून दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. जवानांच्या मुलांसाठी अशा कागदांवर मी कैक वेळा सह्या केल्या आहेत. त्या दुपारी मी शिक्का आणि लेटरहेडसह इकडे, मुलगी देशाच्या त्या टोकाला, आणि काउंटर बंद व्हायला पाऊण तास. विमान गेलं. आई बाहेर रेलिंगपाशी थांबली होती, तिच्याबरोबर लेक रिक्षानं घरी परतली. फोनवर रडली नाही. "तुम्ही जवानांची कागदपत्रं दोनदा तपासता ना, बाबा?" एवढंच म्हणाली.

तिथल्या जवळच्या छावणीत माझा कोर्समेट आहे. त्यानं दुसऱ्या दिवशी कागद करून दिला, वर तिला मेसमध्ये जेवू घातलं. ती चौथ्या दिवशी आली. तोवर रसगुल्ले शेजारच्या पोरांनी संपवले होते. संध्याकाळी आम्ही दोघं चालत पुन्हा एस्प्लनेडला गेलो.